पूजेआधी घास नाही

इच्छामरणाचा कायदा हवा की नको, यावर पेपरात लेख आला की मला चीड येते. लिहिणाऱ्यांनी आधी आमच्या शिवकांताकाकूला भेटायला हवं होतं. उदगिरात काकांचं कापडाचं दुकान होतं, आणि घरात राज्य काकूचं. बोलायला फटकळ, कामाला वाघ. मी तेव्हा शिकायला त्यांच्याकडेच होते.

लातूर जिल्हा नवीनच झाला होता. काकूचा मुलगा, शिवलिंगदादा, तिथल्या कोर्टात वकिली करायला लागला आणि त्याच सुमारास ईश्वरप्पाकाकांना अन्ननलिकेचा कॅन्सर निघाला. डॉक्टरांनी नाकातून नळी घालून त्यांना घरी पाठवलं. त्यात दुष्काळ. काकू टँकरवर भांडून घागर आणायची आणि आल्या आल्या काकांची कूस बदलायची.

एकदा काका डॉक्टरांना म्हणाले, "एक सुई देऊन मोकळं करा की." दादा बोलला, "अप्पा, देणारा जेलात जाईल. कायद्यात न्हाई ते." काकांनी तो विषय पुन्हा काढला नाही. पुढे त्यांचा आवाजही गेला.

काका लिंगायत, नेमाचे कट्टर. गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेऊन पूजा केल्याशिवाय त्यांनी कधी घोटभर पाणी घेतलं नव्हतं, पोरीच्या लग्नातसुद्धा. हात थरथरायला लागले तेव्हापासून काकू त्यांच्या तळहातावर लिंग ठेवायची, पळीभर पाणी सोडायची, विभूती लावायची. मग नळीतून आंबील.

एका सकाळी ती लिंग ठेवायला गेली आणि काकांनी मूठ मिटली. दुखत असेल म्हणून ती थोड्या वेळानं पुन्हा गेली. मूठ तशीच घट्ट, आणि नजर तिच्यावर. तेव्हा तिला कळलं. पूजा नाही म्हणजे अन्न नाही.

"अव्वा, आंबील ओत," दादा म्हणाला. "पूजेचं मागून बघू. उपाशी ठेवणं म्हणजे मारणंच हाय."

"गिळता येत न्हाई म्हणून ओतायले मी. नको तर म्हणता येतंय ना त्यांना?"

"कोर्टात हे चालणार न्हाई."

"मग कोर्टाला बोलव ओतायला."

दादानं स्वतः सिरिंज उचलली, पण काकांनी त्याच्याकडे पाहिलं आणि त्याच्यानं होईना. मला दोघांचाही राग येत होता आणि दोघांचंही पटत होतं.

मग रोज सकाळी काकू पूजेचं ताट मांडायची, विचारायची, "करू का?" मूठ मिटलेलीच. ती मोरीत जाऊन रडून यायची आणि कामाला लागायची.

आणि एक दिवस मूठ उघडी दिसली. बोटं सैल पडली होती, डोळे अर्धवट मिटलेले. काकूनं लिंग ठेवलं, सावकाश पूजा केली आणि आंबील कोमट करून आणली.

दादा दारात आडवा उभा राहिला. "अव्वा, राहू दे आता. ताकद संपली म्हणून उघडली मूठ. जाऊ दे त्यांना."

"मला बी तसंच वाटायलंय," काकू म्हणाली. "पण भूक लागली असंल तर? पूजा झाल्यावर उपाशी कसं ठेवू?"

तिनं त्याला बाजूला सारलं आणि थोडीशी आंबील ओतली. दुपारी काका गेले.

दादानं तिला त्याबद्दल कधी काही विचारलं नाही. तीच पुढं कित्येक वर्षं जेवताना मधेच थांबायची आणि मला विचारायची, "त्यांना भूक असंल का गं?" मी दर वेळी हो म्हणायचे.