उन्हात मांडलेलं ताट

सासूबाईंना विसरायला व्हायला लागलं तेव्हा डॉक्टर जवळ पडावेत म्हणून आम्ही त्यांना गावाकडून सांगलीच्या घरी आणलं. सगळे त्यांना आक्का म्हणत. मधली खोली त्यांना दिली. तिला खिडकी नव्हती, ट्यूबलाइट दिवसभर चालू असायची.

आठवड्याभरात आक्कांनी जेवण सोडलं. पाणी सकाळी एखादा घोट. पुढ्यात ताट ठेवलं की हातानं सरकवायच्या. मी समजावलं, नणंदेनं दटावलं, नवऱ्यानं हात जोडले. डॉक्टर म्हणाले, या आजारात भूकच कळेनाशी होते, असंच चाललं तर नाकातून नळी घालावी लागेल. आम्ही ते खरं धरलं.

एका दुपारी लाइट गेली. खोलीत कोंडायला लागलं म्हणून मी आक्कांना मागच्या दारात खुर्चीवर बसवलं. पायांवर ऊन आलं. थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "भाकरी झाली न्हाई व्हय अजून?"

आमटीत कुस्करून दीड भाकरी खाल्ली. मी विचारलं, काल ताट का सरकवलं?

"दिस मावळल्यावर कोण जेवतं? तुझ्या माहेरी जेवत असतील."

आम्ही जैन. मावळतीनंतर अन्नपाणी घ्यायचं नाही हा नेम आक्कांनी लग्नापासून पाळलेला. पोटच्या मुलाला त्या कधी कधी दीर समजायच्या, पण नेम पक्का होता. दिवा लागला म्हणजे रात्र झाली, यात त्यांचं काहीच चुकत नव्हतं. माझ्या लक्षात यायला हवं होतं, आलं नाही.

दुसऱ्याच दिवशी खाट मागच्या पडवीत हलवली. रात्रीची गोळी डॉक्टरांना विचारून संध्याकाळी पाचला आणली. समजावणं बंद केलं. आधी अंगणातलं ऊन दाखवायचं, मग ताट. नळीचा विषय मागे पडला.

पुढं एकदा त्यांना ताप आला. दिवस नुकताच मावळला होता. ओठ सुकले होते. तांब्याकडे बघत त्यांनी विचारलं, "दिस हाय का गं अजून?"

मागून नवरा खुणेनं हो म्हण म्हणत होता. सोपं तेच होतं.

"न्हाई आक्का, मावळला."

त्या कुशीवर वळल्या. नवरा चिडला. आईला काय कळणार होतं, म्हणाला. मी म्हटलं, आज खोटं बोलले आणि त्यांना कळलं, तर उद्या भर उन्हातसुद्धा त्या माझ्या हातचं घेणार नाहीत. मग नळीच. ताप वाढला तर डॉक्टरांना बोलवायचं ठरवून मी ओल्या फडक्यानं त्यांचं अंग पुसून काढलं.

ताप वाढला नाही. सकाळी ऊन पडवीत आल्यावर तांब्या पुढं केला. आक्कांनी आधी अंगणाकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि तांब्या रिकामा करून दुसरा मागितला.