भाजीच्या पिशवीतलं दुकान

वसमतच्या सराफ्यात आमचं दुकान आहे. आता तिथे तिजोरी आहे, मागची भिंत सिमेंटची आहे, बाहेर चॅनल गेट आहे. पण लग्नानंतरची कितीतरी वर्षं यातलं काहीच नव्हतं. तेव्हा ते अख्खं दुकान रोज संध्याकाळी मी घरी न्यायचे आणि सकाळी परत आणायचे. भाजीच्या पिशवीतून.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. वसमत तेव्हा परभणी जिल्ह्यात होतं. हळदीचा हंगाम संपला की लोकांच्या हातात पैसा यायचा आणि लोक सराफ्यात यायचे. चोरांनाही हंगाम कळतो. माझं लग्न झालं त्याच वर्षी आठवडी बाजारात माल विकून मोटरसायकलवर परतणाऱ्या एका सराफाला रस्त्यात अडवून मारलं. तो आमच्या सासऱ्यांच्या ओळखीचा होता. सासरे त्याच्या अंत्यविधीला जाऊन आले आणि त्या दिवसापासून त्यांना दुसरं काही सुचेना.

त्यांना मी मामा म्हणायचे. मामांनी दुकान असं तपासलं, जसं वैद्य नाडी बघतो. मागची भिंत कच्च्या विटांची, तिच्यामागे रिकामा प्लॉट. वर पत्रे. शटरचं कुलूप कुणीही तोडावं असं. तिजोरी घेऊ, असं आमचे हे म्हणाले तर मामा म्हणाले, "तिजोरी म्हंजे चोराला पत्ता सांगणं हाय." राखणदार ठेवू म्हटलं तर, "त्याच्यावर राखण कोण करंल?" मालाने रात्री दुकानात राहायचं नाही, एवढं ठरलं. मग प्रश्न आला की नेणार कोण. मामांना आणि ह्यांना सगळं गाव ओळखायचं. घरात उरले मी.

"बाईच्या हातातल्या भाजीकडं कोण बघून राहिलं?" मामा म्हणाले. मला विचारलं नाही. मी घरातल्या पिशव्या काढून पुढे ठेवल्या.

नियम मामांनीच केले. पिशवी जाड कापडाची, जुनी दिसणारी. तळाला सोन्याचा डबा, वर फडक्यात बांधलेली चांदी, आणि सगळ्यांत वर संध्याकाळी मेथी, सकाळी जेवणाचा डबा. रिक्षात बसायचं नाही, रिक्षावाल्याला वजन कळतं. कुणाच्या घरी टेकायचं नाही. घाई करायची नाही. अंगावर सोनं घालायचं नाही. सराफाची सून म्हणून नांदायला आले आणि गळ्यात काळे मणी, हातात काचेच्या बांगड्या. माहेरी गेले की भावजय हळूच विचारायची, दुकान नीट चाललंय ना? मी म्हणायचे, चाललंय. हातात धरून चाललंय असं सांगता येत नव्हतं.

मामांविषयी एक सांगायला हवं, नाहीतर अन्याय होईल. मी निघाल्यावर थोड्या वेळाने ते स्वतः निघायचे. काखेत एक काळी चामडी बॅग, कुलूप लावलेली, सगळ्यांना दिसेल अशी. आत जुने फडके भरलेले असायचे. "लुटायचंच असंल तर मला लुटतील," म्हणायचे. म्हातारा भित्रा नव्हता. फक्त त्याच्या सोबत मुलगा असायचा आणि हातात काठी असायची.

पहिले काही महिने मला घाम फुटायचा. मागून सायकलची घंटी वाजली तरी मी भिंतीला चिकटून उभी राहायचे. मग ते थांबलं. भीती वापरून वापरून संपते की काय कोण जाणे. मी चालायचे तेव्हा डोक्यात काही नसायचं. मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, बाजूने हळदीचा वास यायचा, कुणी हाक मारली तर मान हलवायची, घर आलं की पिशवी आतल्या खोलीत ठेवायची आणि मेथी निवडायला बसायचे. मुलं मेथीला कंटाळली होती. उन्हाळ्यात मेथी मिळेना झाली की कोथिंबीर, नाहीतर अंबाडी. पालेभाजीच लागायची, कारण ती हलकी असते आणि झाकते छान. बारसं, लग्न, हळदीकुंकू, सगळ्यांना मी उशिरा जायचे. लोक मला माणूसघाणी म्हणायचे. मला वाईटही वाटायचं नाही.

हिंगोली वेगळा जिल्हा झाला, गावात बँका वाढल्या, मोबाइल आले, तरी माझी पिशवी तीच होती. दोनदा शिवली होती एवढंच.

एका पावसाळ्यात मंडईच्या पायऱ्यांवर माझा पाय घसरला. उजवा हात अंगाखाली सापडला. एका भाजीवाल्याने धावत येऊन पिशवी उचलून दिली आणि म्हणाला, "काय भरलंय ताई, दगडं हायत का?" मी हसले आणि डाव्या हातात पिशवी घेऊन घरापर्यंत चालत गेले. मामांनी आधी पिशवी उघडली. एकेक दागिना बघून "बराबर हाय" म्हणाले. मग माझ्या हाताकडे बघितलं. मनगट सुजून वांग्यासारखं झालं होतं. गंमत म्हणजे त्यांनी पिशवी आधी बघितली याचं मलाही काही वाटलं नाही. मीसुद्धा तीच आधी बघितली असती.

हाताला प्लास्टर आलं. डाव्या हाताने मी नेत होते, पण पिशवी पायाला लागायची, वाटेत ती खाली ठेवावी लागायची. ते मामांच्या नजरेतून सुटणं शक्य नव्हतं. एका रात्री जेवताना त्यांनी माझ्या लेकीकडे बघितलं. ती सातवीत होती.

"शाळा सुटली की दुकानात यायचं. दप्तरात टाकून घरी न्यायचं. लेकराच्या दप्तराकडं कोण बघतंय?" ते म्हणाले. "सोमवारपासून."

हे ताटात बघत होते. मी भाकरी वाढत होते. आत काहीतरी हलायला हवं होतं, पण हललं नाही. सवयच नव्हती. मग लेकीने मला विचारलं, "आई, मंग मैत्रिणींसंगं यायचं न्हाई का?"

मी म्हणाले, "न्हाई. एकटीनं यायचं."

"काहून म्हणून विचारलं त्यांनी तर काय सांगू?"

मी तिच्या ताटात भाकरी वाढली. मला 'काहून' म्हणून कधी कुणी विचारलंच नव्हतं. त्या रात्री मी भांडी घासली, ओटा पुसला, आणि पहिल्यांदा मला मामांचा राग आला. नंतर ह्यांचा आला. मग माझा स्वतःचा.

शनिवारी विम्याचा माणूस दुकानात आला. ह्यांनी बोलावला होता, मामांच्या मनाविरुद्ध. चांगला माणूस होता, मन लावून काम करणारा. त्याने भिंतीवर बोटं वाजवून बघितली, मागच्या प्लॉटमध्ये जाऊन आला, शटर वर-खाली करून बघितलं. दुकानात एक शेतकरी आणि त्याची बायको पैंजण बघत होते. समोरचे बांगडीवाले चाचा चहाला आले होते. मी आत, पडद्यापाशी उभी होते. शेजारी पिशवी होती. दुपारीच मेथी आणून ठेवली होती.

"रात्री माल कुठे असतो?" त्याने विचारलं.

"घरी," मामा म्हणाले.

"नेतं कोण?"

"आमीच नेतो."

मी बाहेर आले. "मी नेते," म्हणाले. "भाजीच्या पिशवीत. वर मेथी टाकून. लगीन झाल्यापासून."

चाचांनी चहाची बशी खाली ठेवली. पैंजण बघणाऱ्या बाईचा हात थांबला. विम्याच्या माणसाने आधी माझ्या प्लास्टरकडे बघितलं, मग पिशवीकडे. मामा हळूच म्हणाले, "बाई, आत जा."

तो माणूस गडबडला, पण कामाचं बोलला. "वाटेतल्या मालाचाही विमा करता येतो. थोडा हप्ता वाढेल."

"मंग घ्या की तो बी," मामा म्हणाले.

"अन् नेणाऱ्याचा?" मी विचारलं.

"तो यात येत नाही, ताई. यात फक्त माल."

"सोमवारपासून माझी पोरगी नेणार हाय," मी म्हणाले. "बारा वर्षांची हाय. म्हणून विचारलं."

मामांनी दुकानभर नजर फिरवली. दुकानात इतकी माणसं होती की संध्याकाळपर्यंत ही गोष्ट सगळ्या सराफ्यात होणार हे मामांना कळलं होतं. मलाही कळलं होतं. तेवढ्यासाठीच तर मी पडद्याबाहेर आले होते. पिशवी आता कुणाच्याच कामाची राहिली नव्हती, ना माझ्या, ना माझ्या लेकीच्या.

त्या दिवशी दुकान लवकर बंद केलं. माल तर घरी न्यायचाच होता. ह्यांनी पुढे होऊन पिशवी उचलली. मामा त्यांच्या शेजारून चालत होते, काखेत ती काळी बॅग, उगाचच. मी दहा पावलं मागे, रिकाम्या हाताने.

इतक्या वर्षांत ती पिशवी मी मागून कधी बघितली नव्हती. ह्यांचा खांदा एका बाजूला ओढला गेला होता. पिशवीचे बंद ताणून दोरीसारखे झाले होते. वरची मेथी पाऊल टाकलं की हलत होती, पण खालची पिशवी हलत नव्हती. भाजीची पिशवी माणसाबरोबर झुलते. ही सरळ खाली लोंबत होती. बाजारात उभ्या असलेल्या कुणाच्याही नजरेत आलं असतं, आणि ती वाट मी रोज दोनदा चालले होते, एकटी, हळूहळू, मामांच्या नियमाप्रमाणे.

मोंढ्याच्या कोपऱ्यावर मला पुढे चालवेना. एका दुकानाच्या फळीला धरून मी उभी राहिले. पुढे हे चालत होते, कुणी त्यांना अडवलं नव्हतं, कुणी बघतही नव्हतं. भीती मला तेव्हा वाटली. सगळ्या वर्षांची, एकदम.