डाव्या बाह्यांचा ढीग

"पडल्यावर हात देणारे पुष्कळ भेटतात, पडू नये म्हणून कठडा बांधणारा एक तरी दाखवा," असं मास्तरीण उठता-बसता म्हणायची. कपड्यांच्या कारखान्यात ती कापड बेतायची, म्हणून सगळे तिला मास्तरीण म्हणत. शंभर थर एकावर एक अंथरून त्यातून पातं असं फिरवायची, की लोण्यातून सुरी जावी. तिची नणंद तिथेच इस्त्रीच्या टेबलावर होती.

अठरा वर्षं झाली, पण मास्तरीण कायम झाली नाही. कारखान्याची रीतच तशी. अकरा महिने भरले की आठ दिवस घरी बसवायचं, हजेरीपटावरचं नाव खोडायचं आणि नवव्या दिवशी नव्याने लिहायचं. अठरा वर्षांची जुनी बाई दर वर्षी नवखी! वर त्याच आठवड्यात मालक फाटकाशी गरजूंना ब्लँकेटं वाटायचा. आधी गरजू करायचं, मग पांघरूण घालायचं.

चार वर्षांपूर्वी अशाच आठ दिवसांत नणंदेचा भाऊ, म्हणजे मास्तरणीचा नवरा, बांधकामाच्या परांचीवरून पडला. बायकोचं नाव पटावर असतं तर कामगार विम्यातून दवाखाना फुकट होता. नव्हतं. छपराचे नवे पत्रे विकले, थोरलीचं नर्सिंगचं शिक्षण सुटलं. मुंगीसारखं वर्षानुवर्षं जमवलेलं आठ दिवसांत वाळवीनं खाल्लं. ती आळशी होती? उधळी होती? नणंदेला हे आठवलं की तळपायाची आग मस्तकाला जायची.

यंदा सुट्टीच्या तिसऱ्याच दिवशी मालकाने मास्तरणीला बोलावणं धाडलं. बदली माणसाने छापील कापडाच्या बाह्या बेतल्या होत्या. छापील कापडाला उलटी बाजू चालत नाही, म्हणून अर्ध्या बाह्यांसाठी नमुना पालथा ठेवावा लागतो. गडी तेच विसरला. दोन हजार बाह्या, झाडून सगळ्या डाव्या!

"आता दोन्ही हात डावे असलेलं गिऱ्हाईक शोधा," नणंद पुटपुटली.

मास्तरणीने उरलेला तागा उलगडला, वितीने मोजला. "तिरप्या बसवल्या तर यातून उजव्या निघतील."

मालकाच्या जिवात जीव आला. "देव पावला, मास्तरीणबाई! लावा हात. यंदा दोन ब्लँकेटं न्या."

"ब्लँकेट नको, साहेब. पटावर नाव कायम लिहा. आत्ता."

"ते नियमात बसत नाही हो."

"या दोन हजार बसल्या का नियमात?"

शिलाईच्या बायका खुदकन हसल्या. मालकाचं तोंड एवढंसं झालं. "पुढच्या वर्षी बघू. तुम्ही तर घरच्यासारख्या."

"घरच्या माणसाला दर वर्षी आठ दिवस हाकलतात का?"

नणंदेने तिचा पदर ओढला. "वहिनी, फार ताणू नका. नवव्या दिवशी घेतलंच नाही तर?"

"तर एकदाच जाईन, वन्सं. दर वर्षी जाते, त्यापेक्षा बरं."

तिने तागा होता तसा गुंडाळला, चपला पायांत सरकवल्या आणि निघाली. "अहो थांबा, बोलू आपण," म्हणत मालक दारापर्यंत आला. ती थांबली नाही. फाटकाशी ब्लँकेटांसाठी रांग लागली होती. रांगेच्या कडेने, ताठ मानेने ती रस्त्याला लागली. आत शिलाईची यंत्रं थांबली होती. खिडकीच्या गजांना धरून नणंद आणि शिलाईच्या सगळ्या बायका, ती वळणाआड होईतो बघत राहिल्या.