भाऊजींनी बदललेला आवाज

आमचे धाकटे भाऊजी, म्हणजे ह्यांचे सख्खे भाऊ, कॉम्प्युटर दुरुस्त करतात. लोकांनी टाकून दिलेल्या मशीनवर ते एक छोटीशी, काळ्या पडद्याची सिस्टिम चढवतात. तीत मागाल तेवढंच असतं, वर तीळभरही नाही. खोलीही तशीच, एक खाट, एक खुर्ची. लग्नाचं विचारलं तर म्हणाले, "वहिनी, संसार फार जागा खातो." घ्या! यावर काय बोलणार, कपाळ?

घशाच्या ऑपरेशनमध्ये ह्यांचा आवाज गेला, तेव्हा त्याच माणसाने एका जुनाट लॅपटॉपला बोलतं केलं. हे टाइप करायचे आणि मशीन पत्र्याच्या डब्यातून बोलल्यासारखं खरखरायचं. नातीचा जन्म त्यानंतरचा, तोही परगावी, लेकीच्या घरी. तिचे आजोबा म्हणजे फोनवरचा तो आवाज. दर रविवारी ती त्याच्याशी मनसोक्त भांडायची आणि ह्यांचा आठवडा त्या एका फोनवर निघायचा.

भाऊजींना ते खरखरणं ऐकवेना. "दादाला माणसाचा आवाज देतो," म्हणाले. शनिवारी सगळी सिस्टिम अपडेट केली, नवा आवाज बसवला आणि सवयीप्रमाणे जुन्या फाइली पुसून टाकल्या. नवा आवाज खरंच सुरेख, बातम्या देणाऱ्यासारखा.

रविवारी फोन आला. ह्यांनी टाइप केलं, "काय म्हणतेस, चिमणे?" पलीकडून रडवेला आवाज, "हे कोण? आजोबांना द्या!" ह्यांनी लिहिलं, "मीच आहे." तिने भोकाडच पसरलं. लेकीने फोन ठेवला, तरी ह्यांचे हात कीबोर्डवरच. मला राहवलं नाही. "भाऊजी, माणसाचा आवाज असा न सांगता-सवरता बदलतात होय?"

ते तडक लॅपटॉप घेऊन बसले. जुना आवाज त्यांनी कुठून तरी शोधून आणला, पण नव्या सिस्टिमवर तो चालेना. शेवटी सगळं पुसून त्यांनी जुनीच सिस्टिम पहिल्यापासून चढवली. जेवायलाही उठले नाहीत. मी ताट झाकून ठेवलं.

पुढच्या रविवारी पुन्हा तेच खरखरणं. "आजोबा!" पोर किंचाळली. "कुठे गेला होतात? तुमच्या घरात कोणीतरी काका आला होता!"

"इथेच होतो गं," ह्यांनी लिहिलं. ह्यांचे डोळे वाहत होते, पुसायचंही भान नव्हतं.

भाऊजी दाराशी उभे होते. हळूच म्हणाले, "वहिनी, दादाचा आवाज ऑपरेशनमध्येच गेला, असं मी आपलं धरून चाललो होतो."