बोरूच्या बेटातला ठोका

आमच्या बाल्खाश सरोवराच्या गोड्या पाण्याच्या बाजूला सेर्केबायइतका मासे जाणणारा माणूस नाही. फक्त तो त्यांच्याशी बोलतो. जाळ्यात गलेलठ्ठ साझान आला की म्हणतो, "या अध्यक्षसाहेब, पोट सांभाळून." काटेरी अलाबुगा आला की, "जावईबापू, टोचायचं नाही हं." मिशाळ झायीन दिसला की मात्र त्याचा आवाज एकदम खाली येतो. "भेटला का रे?" एवढंच विचारतो आणि त्याला पाण्यात सोडून देतो.

विचारायचा तो थोरल्या भावाबद्दल, दोस्माइलबद्दल. झायीन धरण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. वाकड्या लाकडानं पाण्यावर ठोका द्यायचा, ग्लुप्, की तळातला झायीन त्या आवाजामागे वर यायचा. एका वादळात त्याची होडी परत आली, तो आला नाही.

गेलेल्याच्या नावानं आमच्याकडे शुक्रवारी सात शेल्पेक तळतात, पुरीसारख्या. तळणीचा वास त्याच्यापर्यंत पोचतो. पण त्यांची आई, म्हातारी बाल्झिया अपा, कढईच चढवू देईना.

"जित्या माणसाच्या नावानं तळतात का रे, मेल्या?"

"अपा, तो उपाशी फिरत असेल गं."

"मग येईल की घरी जेवायला!"

आणि वारा पडलेल्या संध्याकाळी बोरूच्या बेटातून ठोका यायचा. ग्लुप्. सेर्केबायच्या हातातलं जाळं गळून पडायचं. माणूस पार खंगला. अपानं एकदा हो म्हणावं, भावाला वाट मोकळी व्हावी, एवढंच त्याला हवं होतं.

"अहो, बेडूक असेल," बायको ऐनाकुल म्हणायची.

"बेडूक इतका तालात वाजवतो?"

शेवटी एका संध्याकाळी तो ठोक्याच्या मागावर निघाला. आपल्याला भीती वाटत नाही हे सांगायला कुणीतरी हवं, म्हणून मलाही होडीत बसवलं. बोरू बाजूला सारला, तर गुडघाभर पाण्यात अपा उभी. हातात स्वयंपाकाचा लाकडी डाव. ग्लुप्. तिच्या पायांशी एक झायीन येऊन थांबला होता, मिशा हलवत.

"अपा, तू?"

"हेच येतात रे," ती म्हणाली. "दर वेळी हेच येतात."

त्या दिवशी सेर्केबायनं माशाला काही विचारलं नाही. आईला उचलून होडीत ठेवलं, अंगावर आपला कोट टाकला. किनारा जवळ आला तेव्हा ती म्हणाली, "पीठ आहे का घरात?"

शुक्रवारी दारातच चूल पेटली. अपाचे दोन्ही हात कणकेत, डाव खुंटीला. पहिली शेल्पेक फुगली, धूर पाण्याकडे वळला.

आणि बोरूच्या बेटातून आवाज आला. ग्लुप्.

ऐनाकुल कशीबशी पुटपुटली, "बेडूक."

"असू दे," अपा म्हणाली. "सेर्केबाय, आच वाढव. त्याला खरपूस लागते."