माशीला लागलेलं कुंकू

बाबांचं रिव्हॉल्व्हर पोलीस स्टेशनात जमा करायला मी गेले, तेव्हा त्यांचे दिवस नुकतेच झाले होते. परवाना त्यांच्या नावाचा. ते गेल्यावर हत्यार घरात ठेवता येत नाही. टेबलामागच्या हवालदारानं ते कापडी पिशवीतून बाहेर काढलं, नंबर ताडून पाहिला आणि प्लॅस्टिकच्या पट्टीनं नळी मोजली. तरुण होता. कधीतरी स्वतः नेमबाजी केलेली असावी, कारण त्यानं ते हातात धरलं ते लाकडी मुठीला नीट तळवा लावून.

"स्पर्धेचं म्हणालात ना, मॅडम?"

"हो. बाबा क्लबात जायचे."

"मग चार इंची कशाला? टार्गेटला सगळे सहा इंची घेतात."

प्रश्न सरळ होता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी रिकाम्या पिशवीची घडी घालू लागले.

ऐंशीच्या दशकात आम्ही घाटकोपरला राहायचो. मरोळच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या टूलरूममध्ये बाबा होते. केसाच्या जाडीहून कमी फरक बोटांनी ओळखणं हे त्यांचं काम. मी वाचनालयात नोकरीला लागले होते. दर रविवारी सकाळी आम्ही दोघं मुलुंडच्या पुढे डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका जुन्या दगडखाणीत जायचो. तिथं रायफल क्लबची रेंज होती. खाणीचा कापलेला कडा गोळ्या अडवायला आयता मिळाला होता. बाबा क्लबचं सामायिक रिव्हॉल्व्हर वापरायचे आणि मी दुर्बिणीला डोळा लावून गोळी कुठं लागली ते सांगायचे. आधी गुण, मग दिशा, आणि दिशेसाठी लक्ष्यावर घड्याळाची तबकडी कल्पायची: "नऊ, तीनच्या अंगाला." "दहा, मधोमध." मला एवढंच यायचं, पण ते नीट यायचं.

खेळाडू म्हणून स्वतःच्या रिव्हॉल्व्हरचा परवाना मिळावा यासाठी बाबांनी अर्ज केला होता. तो मंजूर व्हायला इतका काळ गेला, की मंजुरी आली तेव्हा आईला आधी कळेचना कसली मंजुरी ते. परदेशातून हत्यारं येणं तेव्हा जवळजवळ थांबलेलं होतं. दुकानदाराकडे जे जुनं असेल त्यातून निवडायचं. फोर्टातल्या दुकानात बत्तीस बोअरची दोन रिव्हॉल्व्हर होती. बनावट एकच, फरक फक्त नळीचा. एकाची चार इंच, दुसऱ्याची सहा. एकदा घेतलं की त्याचा नंबर परवान्यावर चढतो. बदलायचं तर सगळे हेलपाटे पुन्हा.

लांब नळीचा फायदा बाबांनीच मला पूर्वी समजावला होता, जेवणाच्या टेबलावर, फूटपट्टीला मेणानं दोन टाचण्या उभ्या चिकटवून. डोळ्याजवळची टाचणी म्हणजे मागची खाच, लांबची म्हणजे नळीच्या टोकावरची माशी. रेंजवर त्या उंचवट्याला माशीच म्हणतात. माशी खाचेत बरोबर मधोमध दिसली पाहिजे. टाचण्या जवळ असल्या, तर ती जराशी सरकली तरी गोळी लांब भरकटते. त्याच दूर असल्या, तर तेवढ्याच सरकण्यानं थोडंच बिघडतं. "शिवाय माझी पन्नाशी झाली," ते हसून म्हणाले होते, "जवळचं दिसत नाही. माशी जितकी लांब तितकी मला बरी."

हे त्यांचा हात कापायला लागण्याआधीचं.

कधी सुरू झालं ते मला सांगता येणार नाही. आधी बशीवर कप वाजायला लागला. मग बाबांनी बशी घेणं सोडलं. मग आई कप अर्धाच भरायला लागली आणि दोनदा चहा द्यायला लागली. त्याबद्दल घरात कुणी एक शब्द बोललं नाही. वाचताना बाबा उजवा हात वर्तमानपत्राखाली ठेवायचे. मी पुस्तकातून डोळे वर काढायचे, कागद थरथरताना दिसायचा, आणि मी पुन्हा पुस्तकात बघायचे. मला लाज वाटायची. कशाची, ते कळायचं नाही. न्हाणीघराचं दार चुकून उघडावं आणि आत कुणीतरी असावं, तशी ती लाज होती.

टूलरूममध्ये हाताची स्थिरता गेली की माणूस स्टोअरला जातो. तिथं नटबोल्ट मोजून द्यायचे. बाबांच्या आधीच्या माणसाचं तसंच झालं होतं, आणि त्याच्याविषयी बोलताना बाबा आवाज खाली आणायचे, माणूस समोर बसलेला असल्यासारखा. कारखान्यात आणि क्लबात कुणाला कळू नये, एवढीच त्यांची धडपड चालू होती.

दुकानदारानं दोन्ही रिव्हॉल्व्हर पुढच्या सोमवारपर्यंत राखून ठेवायचं कबूल केलं. आदल्या रविवारी रेंजवर बाबांनी नळ्यांची परीक्षा घ्यायची ठरवली. क्लबचं रिव्हॉल्व्हर चार इंची होतं. क्लबचे सेक्रेटरी बाबांचे जुने दोस्त. त्यांचं स्वतःचं सहा इंची होतं, ते त्यांनी आणलं.

आधी चार इंची. बाबा लक्ष्याकडे खांदा करून उभे राहिले, डावा हात खिशात, उजवा हात सरळ. मी दुर्बिणीतून सांगत गेले. गोळ्या थोड्या विखुरल्या, पण वाईट नव्हत्या. मग त्यांनी सहा इंची उचललं. त्याच वेळी दुर्बिणीची तीन पायांची तिकाटणी माझ्या पायानं हलली, आणि ती नीट करताना मी उघड्या डोळ्यांनी बाजूनं पाहिलं. नळीचं टोक फिरत होतं. सुईच्या नेढ्याशी दोऱ्याचं टोक चाचपडतं ना, तसं. चार इंचीतही हात तेवढाच कापत असणार. पण आखूड नळीत ते दिसत नव्हतं. लांब नळीनं ते टोकाशी नेऊन मोठं केलं होतं. बाजूला उभ्या असलेल्या कुणालाही दिसलं असतं. सुदैवानं सेक्रेटरी पाठमोरे होते, थर्मासमधून चहा ओतत.

गोळ्या सुटल्या. मी दुर्बिणीला डोळा लावला. आधीपेक्षा सगळ्या जवळ जवळ बसल्या होत्या. हात कापत असूनसुद्धा.

"बोल गं," सेक्रेटरी म्हणाले.

मी सांगितलं.

"बघ! म्हटलं नव्हतं? डोळे झाकून सहा घे."

बाबांनी रिव्हॉल्व्हर खाली ठेवलं आणि दुसरा हातही खिशात घातला. "चार घेतो."

"काय? येडा झालास काय रे?"

"हलकी पडते. लांब नळीनं मनगट दुखतं."

"मनगट दुखतं! दिवसभर लोखंडाशी झोंबतोस आणि ह्या दोन इंचांनी तुझं मनगट दुखतं? यार, कुणाला सांगतोस?" सेक्रेटरी माझ्याकडे वळले. "स्कोअर तू बघितलास. तूच सांग तुझ्या बापाला."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. तिकाटणी हलली ते त्यांनी पाहिलं होतं. मी काय पाहिलं तेही त्यांना ठाऊक होतं.

"बाबांच्या हाताला चारच बरी," मी म्हणाले.

"झालं! वाट लागली. बाप तशी लेक," म्हणत सेक्रेटरींनी चहाचा कप पुढे केला. बाबांनी चहा नको म्हटलं.

परत येताना बसमध्ये ते खिडकीतून बाहेर बघत होते. स्टॉप जवळ आल्यावर म्हणाले, "हलकी आहे ना, म्हणून." मी हो म्हटलं.

त्या वर्षी खंडेनवमीला बाबांनी रजा टाकली. एरवी त्या दिवशी टूलरूममध्ये सगळ्यात जुना माणूस म्हणून प्रत्येक यंत्राला हळद-कुंकू तेच लावायचे, आणि तो मान त्यांना फार प्रिय होता. आम्हाला त्यांनी सांगितलं, "घरात नवं हत्यार आलंय, त्याची पूजा घरीच करायला हवी." आईनं पाटावर लाल कापड अंथरलं. तिची विळी, माझी दोन पुस्तकं, बाबांचा मायक्रोमीटर, आणि मधे ते रिव्हॉल्व्हर, रिकामं, गोळ्यांचं चक्र उघडून दाखवलेलं.

घरच्या घरी उरकायचा बेत होता. पण परवान्याच्या चौकशीला पोलीस आले होते ते साऱ्या बिल्डिंगनं पाहिलेलं. सकाळपासून दारात माणसं यायला लागली. समोरच्या ब्लॉकमधल्या मालवणच्या काकू, त्यांचा मुलगा, वरच्या मजल्यावरचे दोघं-तिघं. चपलांचा ढीग झाला. आई गडबडीनं आणखी नारळाच्या वड्या कापायला गेली.

"एवढोच?" काकू वाकून बघत म्हणाल्या. "माका वाटला, तोफ हाडल्यानी असतली!"

सगळे हसले. बाबाही हसले. मग ते पाटासमोर बसले. मुठीवर फूल ठेवलं. हळद लागली, तिचं फारसं काही दिसलं नाही, पिवळा हात लोखंडावरून फिरला इतकंच. मग त्यांनी करंगळीशेजारचं बोट कुंकवात बुडवलं.

"माशीला लागता कामा नये," ते कुणालाच उद्देशून नसल्यासारखं म्हणाले. "माशी काळीच राहिली पाहिजे."

नळीवर बोट टेकवायचं होतं. चार इंचांची नळी. तिच्या मागं चक्र, पुढं माशी, मधे बोटाला जेमतेम जागा. बाबांचं बोट त्या जागेवर गेलं आणि थांबलं. मी पाटाच्या बाजूलाच बसले होते. बोट खाली आलं ते नळीवर, नळीवरून घसरून माशीवर, परत मागे. पुढचं सगळं टोक लाल झालं.

"अहो काका," काकूंचा मुलगा म्हणाला, "मळवटच भरलात की हिचा! झकास!"

पुन्हा हशा पिकला. बाबांनी धोतराच्या सोग्यानं ते पुसलं आणि परत बोट बुडवलं. ह्या वेळी डाव्या हातानं उजवं मनगट धरलं. बोट तरीही माशीला लागलं. त्यांनी पुन्हा बोट बुडवलं, तेव्हा कुंकवाच्या वाटीचा पितळी काठ त्यांच्या नखाशी बारीक वाजत होता. हसणं आपोआप थांबलं.

"मेल्यांनो, दात काय काढतास," काकू मायेनं म्हणाल्या. "हात कापताहा त्यांचो. दिसत नाय तुमका?"

त्यांनी ते मायेनंच म्हटलं, याची मला खात्री आहे. खोलीतल्या सगळ्यांची नजर बाबांच्या हाताकडे गेली, आणि मग तितक्याच झटकन सगळीकडे गेली: भिंतीवरच्या कॅलेंडरकडे, खिडकीकडे, माझ्या पुस्तकांकडे. आई वड्यांची थाळी घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती पुढं आली नाही.

बाबांनी कुंकवाची वाटी माझ्यासमोर सरकवली. "तू लाव," म्हणाले. मी लावलं. नळीवर, मधोमध, बरोबर गोल. इतकं नीट लागलं की ते मला पुसून टाकावंसं वाटलं.

दुपारी सगळे गेल्यावर ते खिडकीशी बसून जुन्या टूथब्रशनं आणि तेलानं माशी साफ करत होते. मी जवळ जाऊन उभी राहिले. बराच वेळ ते ब्रश घासत राहिले.

"जागाच नाही गं हिच्यावर," ते म्हणाले.

"हो ना," मी म्हणाले.

काकूंचा मुलगा मरोळलाच कामाला होता, आणि अशा बातम्या कुणी सांगितल्या असं नसतं, त्या पोचतात. वरून कुणी काही म्हणायच्या आत बाबांनी स्वतःच स्टोअरला बदली मागून घेतली. क्लबात ते नंतरही काही वर्षं जात राहिले. त्यांनी हात वर केला की सगळे अदबीनं कड्याकडे बघायचे, सेक्रेटरी तर बुटाची नाडी बांधायला खाली वाकायचे. माझ्यापुढं दुर्बीण होती. तिच्यात फक्त लक्ष्य दिसतं, नेम धरणारा दिसत नाही. गोळी सुटेपर्यंत मी तिच्यावरून डोळा काढला नाही, एकाही रविवारी नाही. बाबांना वाटत असेल, लेक लक्ष देऊन बघतेय.

सहा इंची असतं तर नेम बरा राहिला असता, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. आम्ही त्यावर कधी बोललो नाही. आता बोलायला ते नाहीत.

पोलीस स्टेशनात माझी पिशवीची घडी घालून झाली. हवालदार अजून वाट बघत होता. त्याच्या हातात ते रिव्हॉल्व्हर अगदी स्थिर होतं. बाबांचा हात कापायचा, एवढंच सांगायचं होतं. ज्याच्यापासून लपवावं असं जगात आता कुणी उरलं नव्हतं, आणि हा पोरगा तर बाबांना ओळखतही नव्हता.

"हलकं पडायचं त्यांना," मी म्हणाले. "लांब नळीनं मनगट दुखायचं."

"असं होय," तो म्हणाला, आणि पावतीवर शिक्का मारला.