किवू तळ्याकाठी विस्तव बघायला गेलो तेव्हा

आक्काचं पत्र आलं: "डोंगरातनं विस्तव वाहतोय, पार तळ्यात उतरलाय. बघायचा असंल तर ये." मी शाळेतून बिनपगारी लांब रजा काढली. आक्का माझी थोरली बहीण. दाजी युगांडातल्या कबाले गावी डॉक्टर.

निपाणीहून मोटारीनं बेळगाव, आगगाडीनं लोंढ्यावरून मुरगाव बंदर, तिथून मोंबासाची बोट. दशम्या आणि शेंगाचटणी भरपूर बांधून घ्यावी. बोटीवरचं जेवण आपल्या घशाखाली उतरत नाही. मोंबासाहून कंपालापर्यंत पुन्हा आगगाडी, पुढं मोटार. कबाले उंचावर आहे, गरम कोट हवाच.

पोचल्यावर दुसऱ्या आठवड्यात आम्ही तिघं आणि ड्रायव्हर सिमोन बेल्जियन कांगोत शिरलो. तिथलं राष्ट्रीय उद्यान म्हणजे जिवंत ज्वालामुखींचाच मुलूख. परवाना आधी काढावा लागतो, आणि वाटेत खानावळ नाही की पेट्रोल नाही. एका वळणावर हत्ती आडवे आले, तेव्हा दाजींनी सिमोनला गाडी बंद करायला लावून आम्हाला गप्प बसवलं.

किवू तळं दिसण्याआधी ऐकू आलं. काळ्या दगडांच्या भेगांतून लाल रस सरकत होता आणि पाण्यात पडताच फसफसून वाफेचे लोट उठत होते. मी टाळ्या पिटल्या. "आक्का, लई देखणं गं!"

चटई अंथरायला एकच सपाट खडक होता. त्यावर एक बाई कुदळ मांडीवर घेऊन बसली होती. मी सिमोनला म्हटलं, "हिला जरा सरकायला सांग."

ती त्याच्याशी दोन वाक्यं बोलली, उठली आणि खाली धुळीत जाऊन बसली. आम्ही डबे उघडले. सिमोन मात्र जेवेना. आक्कानं त्याला त्याच्या भाषेत विचारलं, आणि ऐकता ऐकता तिचा हात थांबला.

"काय झालं?"

"तिचं घर हुतं तितं, धूर निगतोय त्याच्या खाली. केळीची बाग बी. रोज येऊन बगत बसती म्हणं. आणि आपण तिला उठवली रं."

दाजींनी गुपचूप डब्याला झाकण लावलं. मी आक्कानं केलेल्या दशम्यांचं फडकं उचललं, तिच्यासमोर गेलो, वाकून पुढं केलं. तिनं फडक्याकडं पाहिलंच नाही. हातानं नुसती खूण केली, बाजूला हो. मी तिच्या नजरेच्या आणि तिच्या घराच्या मधे उभा होतो.

परतीच्या वाटेवर दशम्यांचं फडकं माझ्या मांडीवर तसंच पडून होतं.

निपाणीला आलो तर घर माणसांनी भरलेलं. शेजारचे आप्पा पुढं सरकून बसले, "सांग की रं, विस्तव कसा वाहतो ते!" मी रंग सांगितला, वाफ सांगितली, पाण्याचा आवाज काढून दाखवला. मंडळी खूश झाली. मीही रंगात आलो.

चुलीपाशी आई ऐकत होती. तिनं विचारलं, "आणि रं, तितं माणसं न्हवती व्हय ऱ्हात?"

"होती," म्हटलं, आणि मंडळींतून उठून आईजवळ चुलीपाशी खाली जाऊन बसलो.